दहा बाय बाराच्या हॉलमध्ये जुनी हाय-फाय सिस्टीम : काय घ्यावं, कुठं ठेवावं?

सिडकोवाला

नमस्कार मंडळी,

छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात आमचा वन बीएचके फ्लॅट आहे. हॉल १० बाय १२ फूट. १० फुटांच्या एका भिंतीत बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. घरात आम्ही दोघं आणि दुसरीतलं लेकरू. लांब भिंतीच्या पलीकडे शेजारचे आजी-आजोबा राहतात.

आतापर्यंत गाणी मोबाईलवर आणि एका ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत आलो. आता नीट ऐकायचंय. ख्याल, अभंग, जुनी हिंदी गाणी, थोडी कव्वाली. बजेट सगळं मिळून २५ हजार. एवढ्या पैशात नवीन घ्यायला गेलं की दुकानदार साउंडबार पुढे करतो. त्यात आवाज दणदणीत आहे, पण गायक कुठं बसलाय, तबला कुठल्या हाताला आहे, काही कळत नाही. म्हणून जुनी सिस्टीम घ्यायचं ठरवलंय.

एक मित्र १२ इंची वूफरचे (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचे) उभे टॉवर स्पीकर आणि २०० वॅटचा अॅम्प्लिफायर मिळून १८ हजारात देतोय. घ्यावं का? या खोलीला किती वॅट लागतात? जुना माल घेताना काय तपासायचं? जाणकारांनी मोकळेपणानं सांगा.

गोदाकाठ

पहिलं वॅटचं बोलू. साध्या ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. तुम्ही बसणार ७-८ फुटांवर. अंतरामुळे थोडा आवाज उतरतो, दोन स्पीकर आणि भिंती मिळून थोडा भरून येतो. म्हणजे फक्त १ वॅटवर तुमच्या कानाशी ८० च्या आसपास. घरातलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. आता सांगा, २०० वॅट कुठं खर्च करणार?

दुसरं असं की आवाज ३ डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट करावे लागतात. २५ चे ५० केले तरी वाढ ३ डेसिबलचीच. म्हणून ३०-४० वॅटचा चांगला अॅम्प पुष्कळ झाला. पैसे स्पीकरवर घाला.

बिंदुसरा

१२ इंची टॉवर हॉलमध्ये ठेवल्यावर पाहुणे कुठं बसवणार? टॉवरवरच?

हिमायतबाग

गोदाकाठ यांच्या वॅटच्या हिशोबाशी सहमत. पण मोठ्या स्पीकरला सरसकट नाही म्हणू नका. वूफर मोठा म्हणजे आवाज मोठा असा त्याचा अर्थ नसतो. मोठा वूफर हळू आवाजातही भरदार वाजतो, त्याला धडपडावं लागत नाही. आमच्याकडे ११ बाय १३ च्या खोलीत १० इंची थ्री-वे (खर्ज, मधले आणि वरचे सूर यांना वेगळा स्पीकर असलेले) बॉक्स आहेत, पखवाज ऐकावा तो त्यांच्यावरच. १८ हजारात टॉवर आणि अॅम्प चालू हालतीत मिळत असतील तर जाऊन ऐका तरी.

मांजराकाठ

लातूरहून लिहितेय, पेशानं सिव्हिल इंजिनियर. टॉवर घ्यावे की नाही ते खोलीला विचारा.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून फुगतात. सूत्र सोपं आहे: आवाजाचा वेग, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटर, भागिले अंतराची दुप्पट. १२ फुटांसाठी येतात ४७ हर्ट्झ, १० फुटांसाठी ५६ हर्ट्झ. या सुरांच्या आसपास खोली स्वतःच घुमते. १२ इंची वूफर नेमका याच पट्ट्यात जोरात काम करतो. तो कोपऱ्यात ठेवला तर घुमणं आणखी वाढतं, आणि १० फुटांच्या भिंतीवर टॉवर कोपऱ्यापासून दूर ठेवायला जागा नाही. एक बरं आहे, हॉल चौरस नाही. १० बाय १० असता तर दोन्ही बाजूंचे सूर एकावर एक बसून आणखी त्रास झाला असता.

माझं मत: ५ ते ६.५ इंची वूफरचे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर. हिमायतबाग यांच्या ११ बाय १३ मध्ये फर्निचर काय आहे ते कळलं तर फरक समजेल.

हिमायतबाग

>>फर्निचर काय आहे

दोन भिंती भरून पुस्तकं, खाली जाड सतरंजी, दिवाणावर गाद्या. शिवाय बॉक्स भिंतीपासून दोन फूट पुढे आहेत. सिडकोवाले, एवढी जागा सोडता येणार नसेल तर मांजराकाठ ताईंचं ऐका. टॉवरचा आग्रह मागे घेतो.

जुना_सोल्डर

जालन्यात दुरुस्तीचं काम करतो. आधी चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर होतो, त्याच्याही आधी टेप-रेडिओ. तपासायचं कसं ते विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

अॅम्प्लिफायर बघायला जाताना खिशात मल्टीमीटर ठेवा. आधी मागची पट्टी वाचा. जपानमधून आलेला माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. आपल्या २३० वर थेट लावला की धूर. काहींना मागे व्होल्टेजचा खटका असतो, तो २२० किंवा २४० वर आहे ना ते डोळ्यांनी बघा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका. १०० व्होल्टचा फार आवडलाच तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही सेटच्या गरजेच्या दीड-दोन पट ताकदीचा. त्याचे पैसे भावात धरा.

सेट बऱ्याच दिवसांचा बंद असेल तर पहिल्यांदा सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे मध्ये ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथंच थांबा.

मग स्पीकर न जोडता चालू करा. चांगल्या सेटमध्ये काही सेकंदांनी आत रिलेचा, म्हणजे आपोआप लागणाऱ्या खटक्याचा ‘टक्’ येतो. पाच-दहा मिनिटं गरम होऊ द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) मोजा. आवाजाचं बटण शून्यावर असताना तिथं २०-३० मिलिव्होल्ट असतील तर छान, ५० पर्यंत चालतं, १०० च्या वर असेल तर आउटपुटच्या अंगाला काम निघणार. असा सेट चांगले स्पीकर जाळतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली तर घाबरायचं कारण नाही. काँटॅक्ट क्लीनर मारून बटण सावकाश फिरवलं की बहुतेक वेळा जाते. एक बाजू मधेच बंद होत असेल तर बहुधा रिलेचे पॉइंट काळे पडलेत. या दोन गोष्टींवरून भाव पाडून घ्या, कारण दोन्ही स्वस्तात होतात. ट्रान्सफॉर्मरच्या आतून गुणगुण येत असेल, किंवा आत जळकट वास असेल, तर फुकट दिला तरी नको.

आणि झाकण उघडून बघाच. आपल्याकडं अॅम्पमध्ये मुंग्यांची वारुळं निघतात, पाली निघतात. पालीनं बोर्डावर जीव सोडला की शॉर्ट ठरलेला.

स्पीकरचं: जाळी काढा. कडेची गोल पट्टी फोमची असेल तर बोटानं हलकं दाबा. चिकट लागली, भुगा पडला, तर फोम मेला. फोम तसाही १५-२० वर्षांत विरतो आणि आपल्या ४२-४३ डिग्रीत आणखी लवकर. रबरी पट्टी असेल तर बरीच टिकते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन, म्हणजे मधला शंकूसारखा पडदा, सगळीकडून सारखा, अगदी हळू आत ढकला. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) चालू आहे का ते बघायला त्याच्याजवळ कान न्या, नुसतं लांबून कळत नाही.

सिडकोवाला

जुना_सोल्डर काका, एवढं कुणी दुकानात उभं राहून सांगत नाही. मनापासून धन्यवाद. तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर उतरवून मित्राकडं जाऊन आलो. टॉवरचा फोम बोटाला लागून आला. टॉवर रद्द!

आता बुकशेल्फच्या शोधात. इकडं कुठं मिळतील?

शहागंजचा

रविवारी जाफर गेटच्या बाजारात फिरा. नशिबाचा खेळ आहे, पण अधूनमधून चांगले बॉक्स निघतात. लवकर जा, ऊन चढल्यावर लोकांनी निवडून टाकलेलाच माल उरतो.

पेठकर

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर हाय-फायची दुकानं आहेत, पण तिथं जाणकार मालक बसलेत, भाव उतरत नाही. मला विचाराल तर घर बदलताना किंवा परदेशी जाताना लोक विकतात तो माल बघा. एकाच घरात वापरलेला, धूळ कमी, आणि मालक स्वतः वाजवून दाखवतो.

गोदाकाठ

आम्हा नांदेडकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान मिळतं, सुट्या पार्टसाठी तर मी तिथंच जातो. देवगिरी एक्स्प्रेस मुंबईलाही जाते आणि सिकंदराबादलाही, नांदेड-परभणी-जालना-संभाजीनगर सगळे तिच्यावरच. स्पीकर आणताना एवढंच करा: दोन्ही बॉक्सची तोंडं समोरासमोर करून मध्ये जाड पुठ्ठा घाला आणि वरून चादरीनं घट्ट बांधा. कोनला कुणाचं कोपर लागत नाही.

बिंदुसरा

ते घेताना देशी कंपन्याही बघा राव. कोलकात्याच्या सोनोडाईनचे जुने बॉक्स अजून कित्येक घरांत वाजतात. बाहेरच्याच नावाला भुलू नका. आणि देशी अॅम्पचा फायदा असा की २एन३०५५ ट्रान्झिस्टर कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो.

जुना_सोल्डर

बिंदुसरा, बरोबर बोललात. फक्त होम थिएटरच्या डब्यातले सुटे स्पीकर कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्यांचा ओहम वेगळाच असतो, कधी ३, कधी ४, पिनाही वेगळ्या. ८ ओहमच्या अॅम्पवर ते जड जातात. मात्र जुने एव्ही रिसीव्हर, म्हणजे आत रेडिओ असलेले होम थिएटरचे अॅम्प, एचडीएमआय नसलेले, लोक कवडीमोलानं काढतात. दोनच स्पीकर लावून गाणी ऐकायला ते उत्तम.

परभणीकर

रिसीव्हरचा विषय निघाला म्हणून. अमेरिकेतला रिसीव्हर घेतलात तर आकाशवाणी परभणी नीट लागणार नाही. आपलं स्टेशन मिडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला. आपल्याकडं स्टेशनं ९-९ च्या टप्प्यानं असतात, अमेरिकेत १०-१० च्या. तिकडचा डिजिटल ट्यूनर १३०० वर थांबतो, नाहीतर १३१० वर. मधले १३०५ त्याला दिसतच नाही. काही सेटच्या मागं ९/१० चा खटका असतो, तो फिरवला की काम झालं. सुईच्या ट्यूनरला हा प्रश्नच नाही. आमच्या घरी अजून सुईचाच आहे आणि रोज लागतो.

हिमायतबाग

>>रोज लागतो

वा! एवढ्या चांगल्या स्पीकरवर मिडियम वेव्ह ऐकणारा तुमच्याशिवाय कुणी भेटला नाही.

परभणीकर

निवेदकाचा आवाज ऐकायला या एकदा घरी. लहान स्पीकरवर वाटतो तसा तो नाही, भरदार आहे.

तेरणाकाठ

विषय थोडा वेगळा आहे, पण इथं जाणकार आहेत म्हणून विचारते. आमच्या आजीनं गायलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि शेजारणींबरोबरची भुलईची गाणी मामांनी कॅसेटवर भरून ठेवली होती. आजी आता नाही. टेप बंद पडलाय, कॅसेटी धाराशिवला आमच्याच घरी आहेत. दुसऱ्या कुठं याची प्रत नाही. सिडकोवाल्यांसारखाच जुना कॅसेट डेक घेऊन त्या ऐकता येतील का? मशीननं कॅसेट खाल्ली तर काय, या भीतीनं हात लावलेला नाही.

जुना_सोल्डर

ताई, हात लावला नाहीत ते फार चांगलं केलंत.

कॅसेट आधी उजेडात धरून बघा. टेपच्या मागे मधोमध पितळी पट्टीवर छोटा गादीसारखा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. तसाच तुकडा रिकाम्या कॅसेटमधून काढून लावता येतो. पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालायची नाही, आधी दाखवायची. मग पेन्सिल घालून हातानं थोडी पुढंमागं फिरवा, अडकत असेल तर कळेल.

डेक घेताना बेल्ट बघा. जुने बेल्ट वितळून डांबरासारखे होतात, ते बदललेच पाहिजेत. रबराचा पिंच रोलर कडक झाला असेल तर कॅसेट तोच खातो. हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, आधी एखादी बिनकामाची कॅसेट तासभर चालवून बघायची. मगच आजींची.

आणखी एक. मामांच्या टेपचं हेड किंचित तिरकं असेल तर दुसऱ्या डेकवर आवाज कोंदट येतो. हेडच्या बाजूला एक स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो अगदी केसभर फिरवून आवाज उघडा करायचा, ऐकत ऐकत. पहिल्याच वेळी लॅपटॉपला जोडून भरून घ्या, पुन्हा पुन्हा वाजवू नका. जालन्याला येणं झालं तर माझ्याकडं या. माझ्यासमोर भरू, पैशाचा विषय नाही.

तेरणाकाठ

काका, डोळ्यांत पाणी आलं. नक्की येते. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

मांजराकाठ

भरून झाल्यावर दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा हो ताई. आणि कुणी कुणाच्या सुनेला काय म्हटलंय तेही लिहून ठेवा, ओव्यांमधली नावं पुढं कुणाला कळत नाहीत.

सिडकोवाला

तेरणाकाठ ताईंच्या कॅसेटींनी धाग्याचं सार्थक झालं.

माझी प्रगती: संभाजीनगरातच एका निवृत्त प्राध्यापकांकडून साडेसहा इंची बुकशेल्फ स्पीकर मिळाले, सोनोडाईनचे, रबरी पट्टीवाले. त्यांनी स्वतः वाजवून दाखवले, चहाही पाजला. अॅम्प्लिफायर डेनॉनचा ४० वॅटचा, मागं २३० व्होल्ट छापलेलं, डीसी एका बाजूला ८, दुसरीकडं ११ मिलिव्होल्ट. दोन्ही मिळून १९ हजार.

आता ठेवायचे कसे? टीव्ही बाल्कनीसमोरच्या १० फुटी भिंतीवर आहे. टीव्हीच्या कपाटावरच दोन्हीकडं ठेवले तर?

गोदाकाठ

अभिनंदन! १९ हजारात ही जोडी म्हणजे मस्त सौदा.

मांजराकाठ

भिंत बरोबर निवडलीत. शेजारची सामाईक भिंत लांब बाजूला आहे, म्हणजे स्पीकरची पाठ तिला लागत नाही. कपाटावर मात्र ठेवू नका, कपाटच वाजायला लागतं. दोन स्टँड करून घ्या. लाकडी, जड, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे. खाली रबराच्या चकत्या, म्हणजे थरथर स्लॅबमधून खालच्या घरी जात नाही.

दोन स्पीकरमध्ये ६ फूट अंतर, तुम्हीही दोघांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि स्पीकरची तोंडं किंचित तुमच्याकडं वळवलेली. मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढं. सोफा बाल्कनीच्या दाराला अगदी चिकटवू नका, भिंतीलगत खर्ज फुगतो. आणि हॉलच्या नेमक्या मध्यावरही बसू नका, तिथं तो ४७ हर्ट्झचा सूर गायबच होतो. या दोन्हींच्या मधली जागा कानानं शोधा. दहा-पंधरा सेंटिमीटर सरकल्यानंही फरक पडतो.

शहागंजचा

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, स्टुडिओसारखं होतं.

मांजराकाठ

अंड्यांचे ट्रे नकोत. पुठ्ठा पातळ असतो, वरचे काही सूर थोडे शोषतो, खर्जाला हातही लावत नाही. घर मात्र कुक्कुटपालन केंद्र दिसतं.

त्यापेक्षा आपल्याकडं काय आहे ते बघा. कापूस! पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, सुताराकडून २ बाय ४ फुटांच्या, ४ इंच खोल लाकडी चौकटी करून घ्या, त्यात कापूस भरून वरून सुती कापड ताणून बसवा. मागं भिंतीपासून दोन-तीन इंच जागा सोडली तर आणखी खालपर्यंत काम करतं. वायरिंग, प्लग, देवाचा दिवा यांच्यापासून लांब, कारण कापूस पेट घेतो. लावायच्या कुठं? तुम्ही सोफ्यावर बसा आणि घरच्यांना बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. जिथं आरशात स्पीकर दिसेल तिथं चौकट.

खाली सतरंजी हवीच. काचेच्या दाराला जाड पडदा. इतकं करून पुन्हा ऐका, मग पुढचं बोलू.

बिंदुसरा

आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं, हातभर जाड मातीच्या भिंती. तिथं टेप लावला की आवाज कसा मऊ यायचा, त्याचं कारण आज कळलं. चौकटीऐवजी जुन्या वाकळी टांगल्या तर?

मांजराकाठ

जाड वाकळ भिंतीपासून थोडी सोडून टांगली तर छान चालते. पातळ चादरीनं काही होत नाही.

हिमायतबाग

एक सोपा उपाय माझाही. स्पीकरला मागं गोल भोक असेल आणि डग्गा घुमत असेल, तर त्या भोकात गुंडाळलेले मोजे घालून बघा. घुमणं लगेच कमी होतं. धुतलेले घाला.

पेठकर

वायरचं कुणीच बोललं नाही. महागड्या वायरींच्या नादाला लागू नका. घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर दहा-पंधरा फुटांना पुष्कळ आहे. लाल-काळं दोन्हीकडं सारखं जोडा. एका स्पीकरचं उलटं झालं तर खर्ज गळून जातो आणि गायक मधोमध न दिसता खोलीभर पसरतो.

मध्यरात्रीचा_श्रोता

रात्री ऐकणार असाल तर? आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावरून सोसायटीची मीटिंग झाली होती.

जुना_सोल्डर

रहिवासी भागासाठी सरकारनं ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ठरवलेली आहे, २००० सालच्या नियमांत. पण शेजारच्या आजी-आजोबांना झोप लागली पाहिजे, हे नियमाच्या आधी येतं. भिंतीतून ट्वीटरचा आवाज जात नाही, खर्ज जातो.

हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणूनच जुन्या अॅम्पवर लाउडनेसचं बटण असतं. रात्री आवाज अगदी बारीक ठेवा आणि ते दाबा, गाणं पातळ वाटणार नाही. दिवसा मोठ्यानं ऐकताना मात्र बंद. लोक ते कायम दाबून ठेवतात, मग सगळंच बदबदतं.

अजून दोन. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर अॅम्प घर्र करेल. प्युअर साइन वेव्हच हवा, नाहीतर लाइट येईपर्यंत सेट बंद ठेवा. आणि अॅम्पच्या वर मोकळी हवा. काचेच्या शोकेसमध्ये कोंडला तर आपल्या मे महिन्यात आतले कपॅसिटर सुकतात.

सिडकोवाला

स्टँड आले, सागवानी नाहीत पण जड आहेत. अंतर ६ फूट, मागं सव्वा फूट. सोफा दारापासून दोन फूट पुढं ओढला. सतरंजी, पडदा झालं. टीव्हीही ऑप्टिकल वायरनं छोट्या डॅकमधून (डिजिटल आवाज अॅम्पला चालेलसा करणाऱ्या डबीतून) जोडला, त्यात सुरुवातीला आवाजच येईना. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम केल्यावर आला, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

काल दुपारी ख्याल लावला. तबला उजव्या हाताला, पेटी डाव्या, गायक टीव्हीच्या बरोबर मध्ये आणि भिंतीच्या थोडा मागं. बायको म्हणाली, टीव्ही बंद आहे ना? लेकरू स्पीकरच्या मागं जाऊन बघून आलं. डग्गा थोडा घुमतोय अजून, मोजे घातले, पण आता जरा जास्तच कोरडा वाटतो.

हिमायतबाग

दोनऐवजी एकाच स्पीकरला मोजा ठेवून बघा. जो कोपऱ्याच्या जवळ आहे त्याला.

सिडकोवाला

एकच ठेवला. बसलं बरोबर! कापसाच्या दोन चौकटी दिवाळीआधी करतो. उरलेल्या पैशात कुणाला चांगली जुनी सीडी डेक माहीत असेल तर सांगा.

उदगीरकर

उशिरा आलो धाग्यावर. माझ्याकडं ८ इंची जुने बॉक्स आहेत, आवाज फार आवडता, पण जुना_सोल्डर म्हणतात तसा फोम भुगा झालाय. फेकायचे का?

जुना_सोल्डर

फेकू नका. कोन फाटलेला नसेल आणि कॉइल घासत नसेल तर नुसती पट्टी बदलते. नुसतं ‘८ इंची’ सांगून पट्टी मागवू नका, बसत नाही. मोजपट्टीनं तीन मापं घ्या: कोनचा बाहेरचा व्यास, पट्टीचा जो गोल उंचवटा असतो त्याची आतली-बाहेरची कड, आणि लोखंडी फ्रेमवर पट्टी जिथं चिकटते तिथला व्यास. जमलं तर फोमऐवजी रबरी पट्टी मागवा, पण ती जड पडते, त्यामुळे दोन्ही स्पीकरना एकाच जातीची लावा.

जुना फोम आणि डिंक पूर्ण खरवडून काढा, कोनच्या कागदाला जपून. आधी पट्टी कोनला चिकटवा, ती सुकल्यावर फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना कोन सगळीकडून हलका दाबून बघत राहा, घासल्याचा आवाज आला तर डिंक ओला आहे तोवर सरकवता येतं. मग रात्रभर हात लावायचा नाही. मापं इथं टाका, कुठली पट्टी बसेल ते सांगतो.